डाव्या हाताचा इशारा

"तोंडाला हात लावायचा न्हाई," आप्पा खवरे म्हणाला. "फोटो काढायचाय. आणि उजव्या हाताला पण न्हाई. अंगठा लागतोय."

"मग ऱ्हायलं काय?" दिग्यानं विचारलं.

"एवढा मोठा माणूस हाय की. बघ तुझं तू."

दिग्या हसला. लखनही हसला. मी हसलो नाही, पण उठून गेलोही नाही. कॉम्प्युटरसमोर बसलो होतो, तो बसूनच राहिलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी मला चांगला माणूस समजायला नको.

आप्पाचं ऑफिस म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली. मधोमध छातीइतक्या उंचीची प्लायवूडची आडभिंत. अलीकडं माझं टेबल, कॉम्प्युटर, अंगठा घ्यायचं यंत्र, फोटोचा कॅमेरा. पलीकडं आप्पाची बैठक. माझ्या खुर्चीतून पलीकडं उभ्या असलेल्या माणसाचं डोकं आणि खांदे दिसायचे. जमिनीवर बसवलेल्या माणसाचं काहीच दिसायचं नाही. शिदू मिस्त्रीला त्यांनी जमिनीवर बसवलं होतं.

सकाळचे अकरा वाजले होते. बाहेर रस्त्यावर माणसं भाजी घेत होती. शटर अर्धं खाली होतं, बस एवढंच.

शिदू मिस्त्रीचं बाजारपेठेत मोटर वाइंडिंगचं दुकान. चौतीस वर्षं त्याच जागेत भाड्यानं. जळलेली मोटर आणायची, मिस्त्री तिची आतली काळी पडलेली तार काढून नवी गुंडाळायचा, मोटर परत फिरायची. आदल्या वर्षी ती अख्खी इमारत आप्पानं विकत घेतली. पाडून कॉम्प्लेक्स बांधायचं होतं. बाकीची दुकानं दमदाटीनं गेली. मिस्त्री गेला नाही.

मग आप्पानं त्याची नेहमीची युक्ती काढली. अकरा महिन्यांचा भाडेकरार. हा करार आता कॉम्प्युटरवर होतो. समोर बसायचं, यंत्रावर अंगठा ठेवायचा, कॅमेऱ्यात बघायचं, झालं. एकदा त्याच्यावर अंगठा पडला की चौतीस वर्षांचा भाडेकरू कागदावरनं पुसला जातो आणि अकरा महिन्यांचा पाहुणा उरतो. आप्पासाठी असे दीडशेच्या वर करार मी केले होते. समोरचा माणूस खुशीनं बसलाय की बसवलाय, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. पगार वेळेवर यायचा.

पण हा शिदू मिस्त्री होता. दहावीला दोनदा नापास झाल्यावर बापानं मला घरातनं हाकललं, तेव्हा ज्यानं दुकानात घेतलं तो. करंट म्हणजे काय ते ज्यानं मला हाताला धरून शिकवलं तो. मी त्याला मामा म्हणायचो.

मिस्त्रीच्या पोरीनं, सारिकानं, तालुक्याच्या कोर्टात दावा लावला होता. त्या दिवशी मनाई हुकूम मिळणार होता. वकील म्हणाला होता, दोनपर्यंत हुकूम हातात. हुकूम आला की आप्पाला त्या जागेचा कुठलाही करार करता आला नसता. हे मला माहीत होतं. आप्पालाही माहीत होतं. म्हणूनच सकाळी लखन मोटरसायकल घेऊन दुकानावर गेला आणि "आप्पानं च्याला बोलिवलंय" म्हणून मिस्त्रीला पाठीमागं बसवून घेऊन आला.

आणि नेमकं त्याच सकाळी नगरपालिकेच्या गटारीसाठी खोदणाऱ्या जेसीबीनं आमची इंटरनेटची केबल तोडली.

"आता?" आप्पानं मला विचारलं होतं.

"केबल जोडायला संध्याकाळ हुईल."

"दुसरं काय हाय?"

लखनच बोलला, "बारका डोंगल मिळतोय की. मोबाईलचं नेट घेतोय त्यो वायफायनं." आणि जाऊन घेऊनही आला. नखाएवढा तुकडा. कॉम्प्युटरच्या पाठीत खोचायचा.

"ह्याच्यात नेट असतंय?" दिग्यानं तो चिमटीत धरून विचारलं.

"नेट आप्पाच्या मोबाईलात. ह्यो नुसता कॉम्प्युटरचा कान," मी म्हणालो.

ते मशीन भंगारातनं आलेलं. त्याच्यावर विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स मी चढवलं होतं. कुठं शिकलो? कुठंच नाही. कॅफेत बसून इंग्रजी पानं छापून आणायची आणि एकेक शब्द लावत वाचायचं. अंगठ्याचं यंत्र त्या लिनक्सवर चालवायला मला सहा महिने लागले होते. त्यामुळं गावात त्या मशीनला हात लावेल असा दुसरा कुणी नव्हता. आणि असता, तरी त्याला त्या दिवशी बोलावून आडभिंतीपलीकडं काय चाललंय ते आप्पा कसा दाखवणार?

"आप्पा," पलीकडनं मिस्त्रीचा आवाज आला. शांत. "मी अंगठा देत न्हाई. पोरगी कोर्टात गेलीया. कोर्ट म्हणंल तसं."

"कोर्ट म्हणंल तेच करू की मिस्त्री. कोर्ट म्हणायच्या आधी एवढं करू."

पहिला दणका पाठीत बसला असावा. ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा आवाज. मग अजून एक. मग दिग्याचं डोकं माझ्या नजरेसमोरनं खाली गेलं. स्टुलावर बसला असावा. स्टूल करकरलं, आणि मिस्त्री असा ओरडला की रस्त्यावरचा भाजीवाला वाकून शटरखाली बघायला लागला. लखननं जाऊन शटर पूर्ण खाली ओढलं.

मी डोंगल खोचला.

स्क्रीनवर एक बारकी चकती उमटली. सीडीचं चित्र. वायफाय काही दिसेना.

आता हे नीट ऐका, कारण सगळं ह्या चकतीवर आहे. असले काही डोंगल लबाड असतात. खोचल्या खोचल्या ते कॉम्प्युटरला सांगतात, मी सीडी आहे. दुसऱ्या कॉम्प्युटरसाठी लागणारा प्रोग्राम त्यांच्या पोटात भरलेला असतो, तो दाखवायला हे सोंग. त्या चकतीवर माऊसची उजवी टिचकी मारून 'इजेक्ट' म्हटलं, म्हणजे सीडी बाहेर काढ म्हटलं, की सोंग संपतं आणि डोंगल वायफाय होतो. एक टिचकी. शाळेतलं पोर करेल. मी हे आधी एकदा बघितलं होतं. दुसऱ्या मिनिटाला मला समजलं होतं.

"देतो," पलीकडनं मिस्त्री म्हणाला. आवाज दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. "देतो अंगठा. घे बाबा."

"शाणा हाय मिस्त्री," आप्पा म्हणाला. "भरम्या, लाव."

माझं बोट माऊसवर होतं.

तेवढ्यात आडभिंतीच्या वर एक हात आला. मिस्त्रीचा डावा हात. नुसता हात, बाकी काही नाही. पंजा उघडा, पाची बोटं पसरलेली.

मिस्त्रीच्या दुकानाशेजारी पिठाची गिरणी होती. दिवसभर कानात घरघर, बोललेलं ऐकू जायचं नाही. मोटर तपासताना मिस्त्रीच्या उजव्या हातात तारा असायच्या आणि मी लांब, स्विचपाशी. म्हणून तो डाव्या हातानं सांगायचा. मूठ वळली की करंट द्यायचा. पंजा उघडा, की थांब. पहिल्याच महिन्यात मी एकदा घाई केली. पंजा उघडा असताना स्विच दाबला. मिस्त्री तीन फूट मागं फेकला गेला, कोपरापर्यंत हात काळानिळा. उठला आणि त्यानं मला एकच मुस्काडीत दिली. म्हणाला, "तोंडानं मी काय बी बोलंन. हात बघायचा. हात म्हणतोय तेच खरं." त्यानंतर पाच वर्षांत मी एकदाही चुकलो नाही.

पंजा उघडा होता. थरथरत होता, पण उघडा होता.

तोंड 'देतो' म्हणत होतं. ते त्यांच्यासाठी. हात 'थांब' म्हणत होता. तो माझ्यासाठी. म्हातारा मार खातोय आणि मला सांगतोय, दोनपर्यंत धर.

मी माऊसवरचं बोट उचललं.

"आप्पा, डोंगल लागंना," मी म्हणालो. "ड्रायव्हरची अडचण हाय. बघतोय."

"किती वेळ?"

"बघतोय."

साडेअकरा वाजले. मी काळी खिडकी उघडली, जिच्यात नुसती इंग्रजी अक्षरं पळतात. लखन माझ्या खांद्यावरनं वाकून बघत होता. मला काय ती अक्षरं पळवायला दहा आज्ञा पाठ होत्या. एकीचाही त्या डोंगलशी संबंध नव्हता.

"लई बारीक काम दिसतंय," लखन म्हणाला.

"बारीकच हाय."

"आणि हे चकतं कसलं आलंय कोपऱ्यात?"

त्याचं बोट बरोबर त्या चकतीवर. काचेला टेकलेलं.

"ते काय न्हाई. कंपनीची जाहिरात."

"दाबू?"

"दाब. आणि मशीन बंद पडलं तर आप्पाला तूच सांग."

त्यानं बोट काढलं.

मी मशीन रिस्टार्ट केलं. जुनं धूड, उठायला चार मिनिटं घ्यायचं. उठलं. चकती परत तिथंच. "न्हाई आलं," मी म्हणालो. आप्पानं तोंडानं चक् केलं. पलीकडं पुन्हा ओल्या पोत्याचा आवाज.

"त्याला कशाला मारतायसा?" मी उठलो. "त्यो अंगठा देतोय म्हणतोय की! बिघाड माझ्याकडं हाय."

आप्पा आडभिंतीवर दोन्ही कोपरं टेकून माझ्याकडं बघत राहिला. पांढराशुभ्र शर्ट, कपाळाला गंध. आवाज कधी चढवायचा नाही.

"भरम्या, तू ह्याचा चेला न्हवं?"

"हुतो."

"मला वाटायलंय तू चालढकल करालाईस. करत नसशील बी. मला कॉम्प्युटर कळत न्हाई. माणसं कळत्यात. तुला मारलं आणि तुझी बोटं सुजली तर टायपिंग कोण करणार? म्हणून तुला हात लावत न्हाई. तुझं चुकलं की मिस्त्रीला एक. दर चुकीला एक. सोपा हिशोब. बस खाली."

मी बसलो.

"भरमू," मिस्त्री आतनं ओरडला. "कर बाबा! कर लवकर!"

आणि परत तो हात वर आला. उघडा. मी बघितला, मान हलवली. समजलं मामा.

बारा वाजायला आले होते. लखनचं डोकं चाललं. "आप्पा, माझा मेहुणा मोबाईललाच वायर लावून नेट घेतोय. डोंगल कशाला पायजे?"

तो बरोबर बोलत होता. एका मिनिटाचं काम. मी खणात हात घातला. खणात दोन वायरी होत्या. एक चांगली. दुसरी बाजारातली स्वस्तातली, जिच्यातनं नुसतं चार्जिंग जातं, बाकी काही जात नाही. मी दुसरी काढली. आप्पाचा मोबाईल लावला. मोबाईलवर चार्जिंगचं चिन्ह आलं.

"लागलं की!" लखन म्हणाला.

"चार्जिंग लागलंय. नेट न्हाई. तुझ्या मेहुण्याचा मोबाईल वेगळा असंल."

"एक," आप्पा म्हणाला.

ह्या वेळी काठी नव्हती. लाथ होती. मिस्त्रीच्या तोंडातनं हवा गेल्याचा आवाज आला, सायकलच्या ट्यूबसारखा. मग ओकारी. दिग्या शिव्या देत मागं सरकला, "सुक्काळीच्यानं पँट भरवली माझी," म्हणाला, आणि ते पँटीचं म्हणून वेगळे दोन घातले.

मी मोजत होतो. मार नाही, मिनिटं. बारा दहा. सव्वाबारा. मला वाटत होतं मीही लढतोय. आणि आत कुठंतरी, खोटं कशाला बोलू, मला भारी वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी आप्पाच्या विरुद्ध काहीतरी करत होतो. अख्ख्या खोलीत मला आणि मिस्त्रीला दोघांनाच काहीतरी ठाऊक होतं. चकती कोपऱ्यात तशीच होती, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

साडेबाराला तिसरा रिस्टार्ट. पावणेएकला चौथा. दर रिस्टार्टला एक. मिस्त्री आता ओरडत नव्हता. मधनंच "कर रे," म्हणायचा. मधनंच हात यायचा. शेवटी शेवटी तो आडभिंतीच्या वर पुरता येत नव्हता, नुसती बोटांची टोकं दिसायची. पसरलेली.

एकला दहा मिनिटं कमी असताना आप्पाचा फोन वाजला. आप्पा ऐकत गेला आणि त्याचा चेहरा सैल होत गेला.

"व्हय? बरं बरं. सोमवारी? च्या पाजतो वकीलसाहेब." फोन ठेवला. "दिग्या, थांब रे. बस जरा. जज्जसाहेब रजेवर हायत आज. तारीख सोमवारची पडलीय. घाई न्हाई आता. भरम्या, तूबी च्या घे. सावकाश कर. आज न्हाई झालं तर उद्या करू. मिस्त्री काय, हितंच हाय रातभर."



हुकूम येणार नव्हता. दोनला नाही, तीनला नाही. दीड तास मी ज्याच्यासाठी धरून ठेवला होता ते तिकडं कधीचंच संपलं होतं. आणि हितं म्हातारा रात्रभर.

मी आडभिंतीकडं बघितलं. हात वर आला नाही.

मी चकतीवर उजवी टिचकी मारली. इजेक्ट. चकती गेली. डोंगलच्या टोकाला निळा दिवा लुकलुकायला लागला. आप्पाच्या मोबाईलचं नाव स्क्रीनवर आलं.

"लागलं," मी म्हणालो.

त्यांनी मिस्त्रीला दोन्ही बगलांत धरून आणलं. ओला टॉवेल फिरवून तोंड पुसलं. दिग्यानं खिशातनं स्वतःचा कंगवा काढला आणि मिस्त्रीचे केस विंचरले, अगदी नीट भांग पाडून, लग्नाला निघाल्यासारखे. डावा हात शर्टाच्या आत खुपसलेला होता. मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं नाही. उजवा अंगठा यंत्रावर ठेवला. पहिल्या खेपेलाच जुळला. हिरवी खूण आली.

"क्यामेऱ्यात बघा मामा," मी म्हणालो. मी. माझ्याच तोंडानं.

त्यानं बघितलं. तोंडावर एक ओरखडा नव्हता.

साक्षीदार म्हणून दिग्या आणि लखन बसले. कागदावर आलं की सदर करार दोन्ही बाजूंनी राजीखुशीनं केला आहे. प्रिंट निघाली. लखननं मिस्त्रीला रिक्षात घातलं आणि सरकारी दवाखान्याच्या दारात उतरवून परत आला.

तोवर आप्पा माझ्या पाठीमागं उभा होता.

"भरम्या, शेवटी काय केलंस रे तू?"

"सेटिंग."

"मी बघत हुतो. एक टिचकी मारलीस. त्या चकत्यावर. लखन्या मघाशी दाबू का म्हणाला तेच चकतं." त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "एका टिचकीचं काम हुतं आणि दीड तास म्हाताऱ्याला बडवून घेतलंस? आम्ही वाईट माणसं, मान्य. खरं तुझ्याएवढं वाईट मला न्हाई जमणार."

मग तो दिग्याकडं वळला. "ह्याच्या हाताचं काम झालं आता."

माझे समोरचे तीन दात टेबलाच्या कडेवर गेले. दोन फासळ्या. तो मार मी सुखानं खाल्ला. मला वाटलं, फिटलं.

मिस्त्री सव्वा महिना दवाखान्यात होता. मी तीनदा गेलो. त्या दिवसाबद्दल तो बोलला नाही, मीही नाही. सारिकानं पोलिसात जाऊ म्हटलं, तर मिस्त्रीनंच हात जोडले. डावा हात प्लास्टरमध्ये होता. कधी मोडला हे मी विचारलं नाही. शेवटी मोडला असणार, असं मी धरून चाललो. अकरा महिन्यांनी दुकान पाडलं. सारिका त्याला घेऊन सासरी गडहिंग्लजला गेली.

मी दुसऱ्या गावात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. आणि ती हकीकत मी सांगत सुटलो. टपरीवर, दोस्तांत, सासरच्या माणसांत. मी आणि शिदू मिस्त्रीनं आप्पा खवरेला दीड तास कसा झुंजवला. त्यो मार खात हुता आणि मला हातानं सांगत हुता, थांब. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. माझ्याही यायचं. मी ती गोष्ट नऊ वर्षं सांगितली.

गेल्या फाल्गुनात सारिकाच्या दिराचं लग्न होतं, तिनं आग्रहानं बोलावलं. मिस्त्री मांडवात नव्हता. घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये होता. म्हातारा झाला होता, पण बाकावर उघडी मोटर होतीच.

"भरमू? ये, ये. दात कुणाचं बसिवलास, घोड्याचं?"

"तुमच्याच जावयानं दाखिवलेला डाक्टर, मामा."

"बरं बसिवल्यात. च्या झाला? मग हे धर. त्या स्विचपाशी हुबा ऱ्हा. सकाळपास्नं कोण घावंना, सगळी लग्नात."

मी जाऊन उभा राहिलो. पंधरा वर्षांपूर्वी उभा राहायचो तसाच. मांडवात बेंजो वाजत होता, बोललेलं ऐकू येत नव्हतं. मिस्त्रीनं उजव्या हातात तारा धरल्या, जोडणीवर नजर टाकली आणि डावा हात वर केला.

पंजा उघडा. पाची बोटं पसरलेली.

मी थांबलो.

तो थांबला. हात तसाच. मग माझ्याकडं वळून ओरडला, "दे की करंट! झोपलास?"

"हात उघडा हाय मामा!"

"आँ?"

मी जवळ गेलो. "हात उघडा हाय तुमचा. उघडा म्हंजे थांब. तुम्हीच शिकिवलंय."

तो हसला. "ती जुनी गोष्ट. आता मूठ कुठं वळतीया?" त्यानं हात माझ्यापुढं धरला. बोटं फळीसारखी सरळ. सांधे लाकडाच्या गाठीसारखे. "त्या दिवसापास्नं न्हाई वळत. आता हितली पोरं उघड्या हातावरच करंट देत्यात. थांबायचं असंल तर मी शिट्टी मारतो."

बेंजो वाजत होता. मी विचारलं. नऊ वर्षांत विचारलं नव्हतं ते.

"मामा, हात कवा मोडला?"

"पयल्यांदाच की. दिग्यानं स्टुलाचा पाय बोटांवर ठिवला आणि वर बसला. म्हणून तर मी लगीच देतो म्हटलं. दुकान गेलं तर गेलं, दुसरी जागा बघीन. हात गेल्यावर काय?" तो तारा नीट करत बोलत होता, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. "तुला तोंडानं सांगत हुतो, कर कर म्हणून. मग वाटलं, ह्यो पोरगा तोंडाचं खरं धरायचा न्हाई. मीच तसं शिकिवलंय. म्हणून हात वर करत हुतो. मूठ दाखवालतो तुला. खरं बोटं वळतच न्हवती. लई जोर लावला." त्यानं मान हलवली. "जाऊ दे. तुला तवा ते डोंगलचं जमंना झालं. तुझा काय दोस त्यात. किबोर्डचा आवाज येत हुता की मला, जीव तोडून करालतास."



मी गप्प राहिलो असतो तर कुणाला कळलं नसतं. आप्पा मेला होता. दिग्या तुरुंगात. म्हाताऱ्याच्या लेखी मी जीव तोडून धडपडणारा पोरगा होतो आणि तसाच राहिलो असतो.

"मला जमत हुतं, मामा," मी म्हणालो.

त्यानं तारांवरची नजर उचलली.

"दुसऱ्या मिनिटाला जमलं हुतं. एक टिचकी हुती. मी तुमचा हात बघून थांबलो."

बेंजोचं एक गाणं संपलं. दुसरं सुरू व्हायच्या आत पत्र्यावर चालणाऱ्या कावळ्याच्या नख्या ऐकू आल्या. मिस्त्री स्वतःच्या डाव्या हाताकडं बघत होता. उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. बोटं वळवायचा प्रयत्न केला. मनगटावरच्या शिरा तट्ट फुगल्या. बोटं तशीच राहिली.

मी वाट बघत होतो. मुस्काडीत दिली असती तर बरं झालं असतं.

दुसरं गाणं सुरू झालं.

"जा," तो म्हणाला. "स्विचपाशी जा."

मी गेलो. मिस्त्री मोटरीवर वाकला. उजव्या हातात तारा धरल्या, आणि माझ्याकडं न बघता डावा हात वर केला.

उघडा पंजा. पाची बोटं.

माझं बोट स्विचवर होतं आणि ते खाली जात नव्हतं.

"दे," तो ओरडला. "दे करंट!"

मी दाबला.